आयक ना, अक्का

अक्का, तुझी पश्चिमेची खिडकी मी शेवटी बंद केली नाही. खिळे आणले होते, हातोडी मागून आणली होती, फळीही बेतून ठेवली होती. पण ते नंतर सांगते. आधी तुझ्याशी भांडायचं आहे. तू जिवंत असताना आपलं जे भांडण अर्धवट राहिलं, ते असं अर्ध्यावर टाकून जाण्याची रीत तुला कोणी शिकवली?

तू गेलीस त्याला अजून महिनाही झाला नाही. भेटायला येणारं माणूस म्हणतं, "सुटली बिचारी." सुटली काय, डोंबल! तू तर या घरात मुक्काम ठोकून बसली आहेस. दिवस कलायला लागतो, उन्हाची तिरीप त्या खिडकीतून दाराच्या चौकटीवर येते, आणि माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणतं, "आयक." मोठ्यानं नाही. तू म्हणायचीस तसंच, खालच्या आवाजात, जणू पाळण्यात मूल झोपलं आहे. मी पिठाच्या हातांनी वळते. "काय वं?" म्हणते. खोलीत कोणी नसतं. परवा काशी नेमकी उंबऱ्यात उभी होती. तिचा चेहरा उतरला. "कोनसंगे बोली ऱ्हायनी, ठकूबाई?" म्हणाली. मी म्हटलं, "मांजरसंगे." आपल्याकडे मांजर नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे.

आणि ती चौकट! बाहेर जाताना तू उजव्या हाताची बोटं तिला लावून ओठांशी न्यायचीस, तिथलं लाकूड गुळगुळीत झालं आहे. मी तुला चिडवायची, "चौकटीचे मुके घेतेस, आपली खोड!" आता पाणी आणायला निघाले की माझीच बोटं तिथे जातात. मी नेत नाही, ती जातात. लाकूड गार असतं. मग दिवसभर वाटत राहतं की तुझ्या हाताला हात लागला.

तुझ्या बायका येऊन बसल्या होत्या. शुक्रवारच्या प्रार्थनेवाल्या, काशी त्यांची पुढारी. म्हणाल्या, एक शुक्रवार गेला, दोन गेले, आता दिवा कोण लावणार? शब्द कोण बोलणार? आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी? मी बोर्डिंगची स्वयंपाकीण. आयुष्यभर मिशनच्या पोरींना कढी-भाकरी वाढली. प्रार्थनेचं खातं अक्काकडे होतं." काशी म्हणाली, "तुम्ही तिची बहीण." मी म्हटलं, "बहीण आहे म्हणूनच नाही." त्यांना उठवून लावलं, पण येत्या शुक्रवारी पुन्हा येतो असं त्या बजावून गेल्या.

त्यांना काय सांगणार होते? माझी पोरगी गेली त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला आहे, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं? मी मिशनच्या देवळात जाते, गाणी गाते, डोकं खाली घालते, आणि तोंडातून त्याच्यासाठी एक शब्द काढत नाही. तिचं नावही तेव्हापासून उच्चारलेलं नाही. इथे लिहितानाही हात अडतो, म्हणून पोरगीच म्हणते.

तू ही प्रार्थना कुठे शिकलीस हे आठवलं की एवढ्या दुःखातही मला हसू येतं. आपल्या आबांनी ख्रिस्ती धर्म घेतला, आपण दोघी मिशनच्या शाळेत शिकलो, तुझं लग्न झालं आणि मेंदी वाळायच्या आत नवरा गेला. मग मिशननं तुला बायबलबाई म्हणून जळगावला पाठवलं. घरोघर जायचं, बायकांत बसायचं, शास्त्र वाचून दाखवायचं, जमलं तर एखादीला येशूच्या वाटेवर आणायचं. तू मोठ्या उत्साहात गेलीस. स्टेशनाजवळच्या रेल्वेच्या चाळीत मलकाबाईंचं बिऱ्हाड होतं. नवरा पार्सल ऑफिसात कारकून. नऊवारी लुगडं, हातभर बांगड्या, बोलणं कोकणातलं. तुला वाटलं, असेल कोणी कुलाब्याकडची. तू ओसरीवर बसलीस आणि शास्त्र उघडून जुन्या काळच्या बापदाद्यांची गोष्ट सांगायला लागलीस. त्या सुपात तांदूळ निवडत शांतपणे ऐकत राहिल्या. गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "अगो बाय, माझ्याच घरातले तांदूळ माझ्याच दारात विकायला आलीस होय?"

त्या बेनेइस्राएल होत्या, कोकणातल्या यहुदी. ज्यांची गोष्ट तू सांगत होतीस त्यांच्याच वंशातल्या. तू सुटीत घरी आलीस तेव्हा ही गोष्ट सांगताना हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणालीस, "ठकू, मी शिकवायला गेले आणि पाटीच फुटली."

पण तुला लाज वाटली नाही, हे तुझं मोठेपण. तू तिथे जात राहिलीस. एका शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी मलकाबाईंनी काचेचा पेला घेतला, खाली पाणी, वर तेल, त्यात वात. दिवा लावला, पदर कपाळापर्यंत ओढला, पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, उजवा हात डोळ्यांवर घेतला आणि म्हणाल्या, "शमा." तुझ्या कानावर जळगावच्या बाजारातली उर्दू पडलेली. तुला वाटलं, शमा म्हणजे दिव्याची ज्योत. त्या ज्योतीची पूजा करतात असं समजून तू घाबरलीस. त्यांना विचारलंस, तर त्या पोट धरून हसल्या. "ज्योत कसली गो? शमा म्हणजे ऐक. आमच्या इब्री भाषेतलो पहिलो शब्द तो. आमचं पोर बोलायला लागलं की हाच शिकवतात, आणि माणूस मरताना हाच म्हणतो."

तो शब्द घेऊन तू इथे धुळ्याला परत आलीस आणि तुझं सगळंच बदललं. आपल्याला शाळेत शिकवलं होतं की प्रार्थना म्हणजे गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे आणि मागायचं. हे दे, ते दे, राणीसाहेबांना दे, आजाऱ्यांना बरं कर, आमेन. तू म्हणायला लागलीस की हे सगळं उलटं चाललं आहे. येशू काही साहेबाच्या बंगल्यात वाढला नाही. त्याच्या आईनंही शुक्रवारी पदर घेऊन दिवा लावला असेल, त्याच्या तोंडी हाच शब्द पहिला घातला असेल. तो ज्या तऱ्हेनं प्रार्थना करत होता त्याच तऱ्हेनं आपण करू, मग ती पोचेल. आधी उभं राहायचं. मग ऐकायचं. मग भाकरीबद्दल, पाण्याबद्दल देवाला आशीर्वाद द्यायचा. "माणसानं देवाला आशीर्वाद?" मी म्हणाले. "तो काय बोहल्यावर चढलाय?" तू म्हणालीस, "देऊन तर बघ, तुझंच तोंड गोड होतं." मी भरीत घोटत होते. मी म्हटलं, माझं तोंड भरतानं गोड होतं, मला बाकी काही नको.

आमेनचंही तसंच. काशी तेव्हा नवी नवी यायला लागली होती. तू विचारलंस, आमेन म्हणजे काय? ती म्हणाली, "माले वाटे, आमेन म्हंजे 'चला, घर चला'." कारण आमेन झालं की सगळे उठतात! तू हसली नाहीस. म्हणालीस, आमेन म्हणजे 'हो, पक्कं'. दोन माणसांत बोली झाली की हातावर हात मारतात ना, ते. आमेननं काही संपत नाही, ठरतं. काशीनं मान हलवली खरी, पण आमेन झालं की पहिली चप्पल तिचीच पायात असायची.

मिशनमध्ये धुसफूस झाली ती डोक्यावरून. नव्या पाद्रीसाहेबांनी नियम केला की प्रार्थनेला पुरुषांनी पागोटी, फेटे उतरवून बसावं. सगळे उघड्या डोक्यानं रांगेत बसले. बाहेरून भाजीवाली चालली होती. तिनं खिडकीतून आत पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "कोन मरी गयं वं माय?" आपल्याकडे एवढे पुरुष बोडक्या डोक्यानं कधी बसतात? सुतकातच! सगळी सभा खुसुखुसु हसायला लागली आणि साहेबांना कारण कळेना. तू नंतर त्यांना सांगायला गेलीस की इथे डोकं झाकणं हाच मान आहे, आणि ज्या देशात हे शास्त्र जन्मलं तिथेही तसंच होतं. त्यांनी तुला विचारलं, तू यहुदी झालीस का? तू म्हणालीस, नाही साहेब, पण येशू होता. त्यानंतर काही महिने तुझ्याशी त्यांचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. पागोटी मात्र हळूहळू डोक्यावर परत आली.

आणि पश्चिम! यरुशलेम पश्चिमेला, म्हणून तू पश्चिमेकडे तोंड करून उभी राहणार. त्या भिंतीपलीकडे पिंजाऱ्यांचं अंगण. दिवसभर कापूस पिंजायच्या धनुकलीचा टण् टण् आवाज. तुला पदर घेऊन मावळतीकडे उभी पाहून गल्लीत बोलवा झाली की अक्का मुसलमान झाली. पिंजाऱ्याची म्हातारी आई, बडीबी, खूश होऊन खीर घेऊन आली. तू तिला समजावलंस की मी यरुशलेमकडे तोंड करते. ती विचारात पडली, मग म्हणाली, "वो भी उधरीच है ना? खीर तो खा लो." तुम्ही दोघींनी खीर खाल्ली. तेव्हापासून ती खिडकी आणि ते अंगण एकच झालं.

आता ते बोलते, जे आपण कधी सरळ बोललो नाही.

मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा माझं माणूस कापसाच्या जिनवर कामाला होतं. ते आधी आजारी पडले. पोरीला लागण होऊ नये म्हणून मी तिला घेऊन तुझ्याकडे आले, पण ताप आधीच माझ्या पदराला बांधून आला होता. आतल्या खोलीत मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. श्वास असा घरघर वाजत होता. मी बाहेर आले. तू खिडकीशी उभी होतीस, हात डोळ्यांवर. मी म्हटलं, "अक्का, माग! त्याच्याकडे माग! तुझं तो ऐकतो असं सगळं गाव म्हणतं." तू हात काढला नाहीस. म्हणालीस, "आयक." एवढंच. मी किंचाळले, "हा आयकायचा वखत शे का? मागाले काय जास तुनं?" तू तशीच उभी. मी आत गेले आणि मधलं दार लावून घेतलं. दिवेलागणीला पोरगी गेली.

मी त्या खिडकीपुढे पुन्हा कधी उभी राहिले नाही. पुढे माझं माणूसही गेलं आणि मी तुझ्याकडेच राहायला आले. दोघी विधवा एका चुलीवर. आपण भांडी घासताना भांडलो, डाळ वाटताना भांडलो, गोधडी शिवताना सुया टोचून घेऊन भांडलो, पण भांडण एकच. मी म्हणायची, आयक हा शब्द माणसानं देवाला म्हणायचा असतो. गरज आपल्याला आहे, कान त्याला आहेत. तू म्हणायचीस, नाही, तो शब्द देवाचा आहे, आपल्याला म्हटलेला. आणि मग तुझी ती ठरलेली समजूत. "आपण म्हणतो ना, पोर आयकत नही? म्हणजे पोर बहिरं शे का? सांगितलं ते करत नही. आयकणं म्हणजे करणं, ठकू. इब्रीतही तसंच, आपल्यातही तसंच." मी म्हणाले, "मग हेच तुना देवले सांग. तोही आयकत नही. मी सांगितलं ते त्यानं कुठे केलं?" गप्प बसून तांदळातले खडे वेचत राहायचीस. मला वाटायचं, बरी जिरली. जिंकल्याचं समाधान वाटायचं, आणि रात्रभर मात्र छातीवर धोंडा.

तुझ्यावर माझा राग होता, अक्का. देवावर नंतर, आधी तुझ्यावर. तोंडानं मागायला तुझं काय गेलं असतं? मिळालं नसतं तर नसतं. पण माझी बहीण माझ्या पोरीसाठी हात पसरून रडली, एवढं तरी मला मिळालं असतं. तू आपली तुझ्या नेमाला धरून उभी राहिलीस. तू शिकवलेली प्रार्थना फार शुद्ध आहे, असं मी सगळ्यांना सांगायची, आणि मनात म्हणायची, शुद्ध आहे तशी कोरडीही आहे.

मग या उन्हाळ्यात तुझं उजवं अंग गेलं. जीभही जड झाली. पाणी हवं असलं तरी नुसती डोळ्यांनी सांगायचीस. मी तुझी खाट खिडकीशी लावली, कारण तू तिकडेच बघत राहायचीस. हात डोळ्यांवर नेता येईना, तर तू डोळे मिटायचीस. शेवटच्या संध्याकाळी मी तुझ्या ओठांना पाणी लावत होते. ऊन खिडकीतून तुझ्या उशीवर आलं होतं. तू डाव्या हातानं माझं मनगट धरलंस. एवढं बळ कुठून आलं कोण जाणे, बांगडी रुतली. आणि तुझी जीभ वळली. इतक्या दिवसांनी, स्वच्छ. "आयक ना," म्हणालीस.

मी वाट पाहिली. पुढे काही नाही. मनगट सुटलं.

ना! अक्का, आयुष्यभरात तू त्या शब्दाला कधी 'ना' जोडला नव्हतास. आयक हा हुकूम आहे. आयक ना ही विनवणी. लेकरू बापाच्या धोतराला धरून म्हणतं ते. मी तुझे डोळे मिटवले, तुला अंघोळ घातली, मातीला गेले, आणि सगळा वेळ तो 'ना' माझ्या कानात. तू कोणाला म्हणालीस? मला? की त्याला? मला म्हणालीस असशील, तर मी देवाशी बोलावं म्हणून मरताना माझ्या पाया पडून गेलीस, आणि तो भार मला झेपत नाही. त्याला म्हणालीस असशील, तर तुझा नेम शेवटी मोडला. मग तू माझ्या बाजूला आलीस आणि मला सांगितलं नाहीस. या घरात रोज संध्याकाळी मागून आवाज येतो तो 'आयक' एवढाच येतो. 'ना' कधी येत नाही. मी कान देऊन उभी राहते, 'ना' येईल म्हणून. नाही येत. वेड लागायची पाळी आली.

म्हणून मी हातोडी आणली. म्हटलं, ऊन आत यायला नको, संध्याकाळ कळायला नको, आवाज यायला नको. आणि शुक्रवारी बायका आल्या की दाखवता येईल, बंद झालं बरं का दुकान. पहिला खिळा ठोकला तोच पलीकडून अमीनाबी धावत आली. बडीबी जाऊन कैक वर्षं झाली, आता तिची ही सूनही पिकली. ओढणी सावरत म्हणाली, "ये क्या कर रहे? अक्का की खिड़की है वो!" मी म्हटलं, अक्का गेली, खिडकी कशाला? ती तिथेच अंगणात उकिडवी बसली आणि रडायला लागली. मग म्हणाली, मी नवी नवरी होते तेव्हा या घरात पहिली गोष्ट ऐकली ती या खिडकीतून.

मी विचारलं, कसली गोष्ट?

ती म्हणाली, तुझी पोर गेली त्या दिवसाची. आतलं दार आपटल्याचा आवाज आला. मग अक्का खिडकीचे गज धरून उभी राहिली आणि म्हणायला लागली, "आयक ना. आयक ना रे बाप. पोर आमनी शे, आयक ना." रडत होती, कपाळ गजांवर आपटत होती. अमीनाबीला आपली बोली तेव्हा धड समजत नव्हती. पण बडीबीला वाटलं, अक्का आपल्यालाच हाक मारते आहे, ऐका ना म्हणून. म्हातारी पिंजण थांबवायला सांगून खिडकीखाली आली, वर तोंड करून म्हणाली, "बोल बहेन, सुन रहे हैं." तू म्हणे एकदम थांबलीस. खाली पाहिलंस. आणि मग गजांतून हात बाहेर काढून त्या म्हातारीचा हात धरलास, आणि आत माझा हंबरडा ऐकू येईपर्यंत सोडला नाहीस.

अक्का, माझ्या हातातली हातोडी तिथेच पडली.

मागितलं होतंस तू! मी दार लावून घेतलं आणि तुझा नेम तुटला. इकडे माझ्यासमोर एक शब्द, आणि तिकडे पाठीमागे कपाळ फोडून घेत होतीस. आणि नंतर इतकी वर्षं मी तुला कोरडी म्हणून बोलत राहिले, डाळ वाटता वाटता तुझं काळीज वाटत राहिले, तर तांदळातले खडे वेचत गप्प बसलीस. का? एकदा म्हणायचंस, "ठकू, मी मागितलं होतं गं." एवढंच म्हणायचंस! मी चिडले, खिडकीशी उभी राहून तुला शिव्या दिल्या. मोठ्यानं. अमीनाबी ऐकत होती, ऐकू दे.

मग भांडी घासताना हळूहळू कळलं. तू मागितलं होतंस हे मला कळलं असतं, तर त्यानं दिलं नाही हेही कळलं असतं. मग माझा राग जायचा तो सरळ त्याच्याकडे गेला असता, आणि मी देवळात पाऊलही टाकलं नसतं. तू मध्ये उभी राहिलीस. सगळा राग स्वतःच्या अंगावर घेतलास, त्याला लागू दिला नाहीस. बहीण म्हणावं की काय म्हणावं तुला! हे चांगलं केलंस की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. माझा राग घेण्याइतका मोठा तो आहे की नाही, हे एकदा त्यालाच बघू द्यायचं होतंस. पण तुझ्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं, आणि पाय तर तू घेऊन गेलीस.

काल शुक्रवार झाला. बायका आल्या. खिडकी उघडीच होती, एक खिळा तेवढा चौकटीत अर्धा राहिला आहे, तो निघता निघत नाही. तेलाची टंचाई तुला माहीत आहेच. पेल्यात पाणी जास्त घातलं, वर तेलाचा नुसता पापुद्रा, पण वात धरली. सगळ्यांनी पदर घेतले. मी तुझ्या जागेवर उभी राहिले. काशीनं मागून कंबरेला हात लावला. ऊन चौकटीवर आलं. मी वाट पाहिली, तू मागून बोलशील म्हणून. तू बोलली नाहीस. पहिल्यांदाच नाही बोललीस, आणि तुझी एवढी भीती वाटायची ती मी, तुझा आवाज नाही म्हणून घाबरले.

मग मी उजवा हात डोळ्यांवर घेतला. तळहाताला कांद्याचा वास होता. आतल्या अंधारात तुझी एवढी शिकवण, उभं राहणं, ऐकणं, आशीर्वाद देणं, काही म्हणजे काही आठवेना. तोंडातून आलं ते एवढंच.

"आयक ना," मी म्हटलं.

कोणाला म्हटलं, विचारू नकोस. तुला म्हटलं असेल, त्याला म्हटलं असेल. पलीकडची धनुकली थांबली. आणि खिडकीखालून, अंगणातून, अमीनाबीचा आवाज आला, सासूचा शब्दच्या शब्द.

"बोल बहेन. सुन रहे हैं."

आता कोणी ऐकतं आहे म्हटल्यावर गप्प कसं बसायचं, अक्का? बोलावंच लागलं. इतक्या वर्षांनी ओठ आधी नुसते हलले, मग आवाज आला.

"मोती," मी म्हटलं. "मनी पोर. मनी मोती."

पुढे काही मागितलं नाही. मागण्यासारखं काही राहिलेलं नाही. काशी मोठ्यानं आमेन म्हणाली. आणि कोणीच उठलं नाही, तीसुद्धा.